चार सेंटिमीटरची पृथ्वी : सजावटीच्या नोंदी

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

भाचीच्या आठव्या वाढदिवसाला एकोणतीस दिवस आहेत. तिला 'अवकाश' हवंय. ताई म्हणाली, "तयार संच मिळतात, आणून टाकू." मी म्हटलं, नको, मी घरी करते. बोलून बसले खरी.

नियम ठरवले. आधी घरात असेल ते वापरायचं, नसेल ते शेजारून मागायचं, आणि विकत फक्त फुगे, रंग, दोरा आणि चिकटपट्टी घ्यायची. पाचवी वस्तू घ्यावीशी वाटली तर एक दिवस थांबायचं.

अवकाश म्हटलं की रॉकेट, उडती तबकडी, हिरवे परग्रहवासी, चांदण्यांच्या माळा असं सगळंच डोक्यात गर्दी करतं. दहा प्रकारच्या वस्तू दहा ठिकाणी थोड्या थोड्या चिकटवल्या की सजावट केविलवाणी दिसते, मग त्या महाग असोत की स्वस्त. एकच कल्पना घ्यायची आणि तीच मोठी करायची असं ठरवलं. कोणती, ते अजून सुचलेलं नाही.

शनिवार, १ मार्च

सुचलं, आणि माळ्यावरच्या चेंडूमुळे सुचलं. पाण्यात खेळायचा हवेचा चेंडू, पाकिटावर '६० सेंमी' छापलेलं. फुगवला तर लहान वाटला. घेर मोजला, ११९ सेंमी. भागिले ३.१४, म्हणजे व्यास ३८! आधी वाटलं, फसवलं. मग लक्षात आलं की या चेंडूंचं माप सपाट असताना घेतात. चेंडू फुगला की ती लांबी अर्ध्या घेरावर वळते, त्यामुळे व्यास छापील आकड्याच्या साधारण ०.६४ पट भरतो.

३८ सेंमीचा हा शनी धरला तर बाकीचे केवढे होतील? शनीचा व्यास सुमारे १,२०,५०० किमी, म्हणजे एका सेंटिमीटरला ढोबळ ३,२०० किमी. कागद-पेन्सिल घेऊन बसले ती जेवायला उठलेच नाही.

गुरू ४४.७ सेंमी, शनी ३७.७, युरेनस १६, नेपच्यून १५.५, पृथ्वी ४, शुक्र ३.८, मंगळ २.१, बुध दीड. चंद्र जेमतेम ११ मिलिमीटर. आणि सूर्य ४ मीटर ३५ सेंमी.

सूर्याचा आकडा दोनदा तपासला. ४ मीटरचा गोळा दिवाणखान्यात मावणार नाही, पण त्याचा काठ मावेल. डाव्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत सूर्याची नुसती कड वाकून आत डोकावतेय, आणि तिच्यासमोर आठ ग्रह टांगलेत. एवढंच करायचं. रॉकेट नाही, तबकडी नाही.

भाचीला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "मावशी, आणि प्लूटो?" म्हटलं, त्याला २००६ साली बटुग्रहांत टाकलं. ती गप्प. मग, "पण तो येऊ शकतो ना वाढदिवसाला?" येऊ शकतो. साडेसात मिलिमीटर. मण्यांच्या डबीत एक सापडेल.

रविवार, २ मार्च

जमवाजमव. रद्दी भरपूर. पुठ्ठ्याची मोठी खोकी सात (चार शेजाऱ्यांच्या जिन्याखालून, विचारून). जुनी काळपट निळी चादर. मैदा घरात आहेच. गुरूसाठी '७० सेंमी' छापलेला चेंडू समोरच्या काकांच्या नातवाकडून उसना मिळाला. धुऊन परत द्यायच्या अटीवर. फुगवला, घेर १४०. गुरूच!

आणखी एक गंमत. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा असतो, म्हणजे आमची पृथ्वी तयार. पण ताईच्या जुन्या डब्यातून जे दोन चेंडू निघाले त्यातला एक किंचित लहान दिसत होता. मोजला तर ३८ मिमी. २००० सालापर्यंत हेच माप होतं, त्यानंतर चेंडू मोठा केला. ३.८ सेंमी म्हणजे शुक्र. बुधासाठी गोटी. असे योगायोग मुद्दाम शोधून मिळत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

खळ शिजवली. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी दुधाळ दिसतं, मग दाटतं आणि थोडं पारदर्शक होतं. तिथे उतरवायची. न शिजवता कालवलेली खळही चिकटते, पण शिजवलेली जास्त घट्ट धरते आणि वाळल्यावर पांढरे डाग कमी ठेवते. बुरशी लवकर धरू नये म्हणून चमचाभर मीठ.

कागद कापायचा नाही, फाडायचा. कात्रीची धार वाळल्यावर उठून दिसते, फाटलेली कड तंतूंत विरून जाते. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ पट्टीसारखा फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण कारखान्यात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. ती दिशा एकदा सापडली की शंभर पट्ट्या पाच मिनिटांत. गोल पृष्ठभागावर पट्टी अरुंद हवी, दोन-अडीच सेंटिमीटर. रुंद पट्टीला चुण्या पडतात.

दोन्ही मोठ्या चेंडूंना आधी स्वयंपाकघरातली पातळ चिकट फिल्म गुंडाळली, म्हणजे नंतर सुटतील. हवा भरायच्या तोंडावर कागद लावला नाही. चेंडू बादलीवर बसवून पहिला थर दिला.

युरेनस-नेपच्यूनसाठी साधे फुगे. पूर्ण फुगवले तर ते पेरूसारखे होतात. अर्धेच फुगवले की बऱ्यापैकी गोल राहतात. आपल्याला १६ सेंमीच हवेत, तेव्हा बरंच.

बुधवार, ५ मार्च

दुसरा थर. युक्ती चालली: पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा जुन्या वह्यांच्या पांढऱ्या पानांचा, तिसरा परत वर्तमानपत्राचा. कुठे राहून गेलंय ते लगेच दिसतं. एकाच कागदाचे थर दिले की तिसऱ्या थरात आपण कुठे होतो ते कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

युरेनस फुटला. चूक माझी. घरात वाळायला वेळ लागतोय म्हणून दोन्ही फुगे उन्हात नेऊन ठेवले. आतली हवा तापून प्रसरण पावली. २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तरी आकारमान साधारण सात टक्के वाढतं, आणि ओल्या कागदाला तेवढं सोसत नाही. उभी भेग गेली. नेपच्यून वाचला, पण संध्याकाळी हवा गार झाल्यावर फुगा आकसला आणि त्याला एका बाजूने खळगा पडला.

यापुढे सावलीत, पंख्याखाली, थरागणिक एक अख्खा दिवस. घाई करायची नाही हे मला माहीत होतं, म्हणून जास्त राग आला.

शनिवार, ८ मार्च

नवा युरेनस सुरू केला. नेपच्यूनच्या खळग्यात लगदा भरला. गुरू आणि शनी चौथ्या थरावर.

शनीला बादलीवर ठेवल्याठेवल्या थोडी हवा गेली आणि तो वरून बसला. वैतागून मोजलं तर उंची ३५, रुंदी ३८. खरा शनीही ध्रुवांकडे चपटा आहे, या मापात ३४ भरेल. मी हे मुद्दाम सोडून दिलं होतं. हात लावला नाही.

रविवार, ९ मार्च

भाची आली. मंगळ तिने केला: चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा गाभा, वर लगदा. माप तपासायला मी पुठ्ठ्यात २१ मिमीचं भोक पाडून दिलं. गोळा अडकला तर घासायचा, सहज पडला तर अजून लावायचा. दीड तास नादात होती. चंद्रासाठी मणी निवडला, प्लूटोसाठी त्याहून बारीक.

बुधवार, १२ मार्च

आज मोह झाला. चमकीची भुकटी घ्यावी, सगळ्यावर भुरभुरावी. एक दिवस थांबायचा नियम आठवला.

गुरुवार, १३ मार्च

नाही घेतली. चमकी आयुष्यभर फरशीच्या सांध्यांतून निघत राहते.

शनिवार, १५ मार्च

कवचं वाळली. बोटाने टकटक केलं की कोरडा, पोकळ आवाज येतो. ओलसर असेल तर आवाज बोदा. गुरूच्या वरच्या टोकाला दहा सेंमीचं भोक ठेवलं होतं, त्यातून हवा सोडून चेंडू ओढून काढला. जन्म बघितल्यासारखं वाटलं. आत आडवी काडी घालून तिला दोरा बांधला आणि भोक कागदाने बुजवलं. वजन ३१० ग्रॅम.

दुपार शनीच्या कड्यांत गेली, आणि हे काम सगळ्यात आवडलं. मुख्य कड्यांची बाहेरची त्रिज्या आपल्या मापात ४२.७ सेंमी, आतली २३.३. म्हणजे कडं ८५ सेंमी रुंद, गुरूच्या जवळपास दुप्पट. आजवर चित्रांत पाहून मी कायम शनीला लहानशी टोपी घातल्यासारखी कडी काढत आले. पुठ्ठ्याचे दोन तुकडे जोडले, खिळ्याला दोरा बांधून वर्तुळं मारली, कटरने कापली. मध्ये ३६.७ पासून ३८.२ सेंमीपर्यंत दीड सेंटिमीटरची काळी पट्टी रंगवली. ही कॅसिनीची फट. जाडीच्या बाबतीत मात्र हरले. खरी कडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच जाड आहेत. या मापात ती पातळाहून पातळ कागदापेक्षाही कितीतरी पातळ निघतील. माझा पुठ्ठा तीन मिलिमीटरचा.

कडं ग्रहाला टेकत नाही, साडेचार सेंमीचं अंतर राहतं. तिथे चार जागी काळ्या दोऱ्याने ताणून बांधलं. लांबून दोरा दिसत नाही. टांगताना २७ अंश कलतं ठेवायचं.

रविवार, १६ मार्च

रंग. सगळ्यांवर आधी पांढऱ्याचा हात, नाहीतर छापील मथळे रंगातून डोकावतात. चकचकीत रंग टाळला. दिव्याखाली तो प्लॅस्टिकच्या फळासारखा दिसतो.

नेपच्यूनसाठी गडद निळा कालवायला घेतला आणि थांबले. व्हॉयेजर २ हे यान १९८९ साली नेपच्यूनजवळून गेलं तेव्हाची प्रसिद्ध छायाचित्रं गडद निळी आहेत, पण ढग उठून दिसावेत म्हणून त्यांचे रंग वाढवलेले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं आहे की डोळ्यांना युरेनस आणि नेपच्यून हे दोन्ही ग्रह जवळजवळ सारखेच, फिकट हिरवट निळे दिसतील. एकाच वाटीत दोन ग्रह झाले आणि निळ्या रंगाची बाटली उघडावीच लागली नाही.

गुरूवर पट्टे रंगाने ओढले तर ते सर्कशीच्या चेंडूसारखे दिसू लागले. पुसले. त्याऐवजी तपकिरी, शेंदरी, मळकट पांढऱ्या पातळ कागदाच्या पट्ट्या फाडून पाणी घातलेल्या खळीने चिकटवल्या. रंग थोडा सुटून शेजारच्या पट्टीत उतरतो, ते हवंच होतं. लाल डाग दक्षिण गोलार्धात, पाच सेंमीचा. त्याच्याशेजारी टेबल टेनिसची पृथ्वी धरून पाहिली. डागात आरामात बसते. भाचीने पृथ्वी तिथेच चिकटवायचा हट्ट धरला, मोडून काढला.

मंगळवार, १८ मार्च

सूर्य. भिंत २.४ मीटर उंच. २.१८ मीटर त्रिज्येची कमान एवढ्या उंचीत फक्त ३६ सेंमी बाहेर येते. इतकी उथळ असेल असं वाटलं नव्हतं. जमिनीवर खोकी पसरून जोडली, दोरीचं एक टोक ताईने पायाखाली दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून मी गुडघ्यावर सरकत गेले. ताई म्हणाली, "कंपासपेटीच झाले की मी." तिने पाय हलवला म्हणून एकदा परत.

पृष्ठभागावर पिवळा-केशरी पातळ कागद चुरगळून लावला. अवकाशातून सूर्य पांढरा दिसतो हे मला ठाऊक आहे, पण पांढरा पुठ्ठा भिंतीवर पुठ्ठाच दिसला असता. इथे खोटं बोलले. भरपाई म्हणून एक सौरडाग पृथ्वीएवढा काढला.

शुक्रवार, २१ मार्च

ताऱ्यांची चौकट. मोठ्या खोक्याचा सपाट पुठ्ठा काळा रंगवून त्यावर भोकं पाडायची, मागे बटर पेपर आणि त्याच्या दहा सेंमी मागे छोट्या एलईडी दिव्यांची माळ. तेजस्वी ताऱ्याला दाभण, मंद ताऱ्याला टाचणी. कागदाजवळ तापणारा दिवा नको, मेणबत्ती तर मुळीच नको.

मृग नक्षत्र घेतलं: चार कोपरे, मधले तीन तारे ओळीत, ती ओळ पुढे नेली की व्याध. सुबक काम झालं. दिवे लावले. काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. भाचीने तिच्या पुस्तकाशी ताडून सांगितलं, "मावशी, तुझं उलटं झालंय." आकृती मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला काढली आणि मागूनच टोचली, त्यामुळे पुढून आरशातलं मृग दिसत होतं. दिवसभराचं काम गेलं म्हणून बसले. मग उठून पुठ्ठाच फिरवला. मागची बाजू काळी केली, बटर पेपर दुसऱ्या अंगाला लावला. अर्ध्या तासाचं काम.

उरलेला काळा रंग चादरीला लागला. तिथे आता आकाशगंगा आहे: पांढरा रंग पाण्यात पातळ करून दातांच्या जुन्या ब्रशवरून अंगठा फिरवला. आधी रद्दीवर सराव करावा, पहिला फवारा नेहमी थेंबांचा येतो.

शनिवार, २२ मार्च

टांगायची चाचणी. छताला भोकं पाडायची नाहीत, म्हणून पडद्यांच्या समोरासमोरच्या दांड्यांमध्ये दोरी ताणली. एकाच दोऱ्यावर टांगलेला ग्रह गरगरत राहतो आणि लाल डाग भिंतीकडे तोंड करून बसतो. दोन दोऱ्यांवर, व्हीच्या आकारात, स्थिर राहतो.

रविवार, २३ मार्च

रात्री धप्प आवाज. गुरू पडला.

झोळ दिसू नये म्हणून मी दोरी घट्ट ताणली होती आणि टोकाची गाठ चिकटपट्टीने धरली होती. तिथेच घोळ. दोरी जितकी सपाट, तितका तिच्यावर ताण जास्त. पाच अंशांच्या झोळाला ३१० ग्रॅमचा गुरू दोरीवर पावणेदोन किलोंपेक्षा जास्त ताण आणतो. झोळ वीस अंशांचा केला तर तोच अर्धा किलोही नाही. आता दोरी सैल आहे, टोकाला खरी गाठ आहे, आणि झोळ दिसू नये म्हणून चादर वरून दुमडली आहे. गुरूची पोचलेली बाजू मागे.

शुक्रवार, २८ मार्च

सगळं लावलं. शिडीवर मी, खाली ताई. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातलं अंतर मात्र खरं ठेवलं: १२० सेंमी. सगळ्यांनाच ते फार वाटतं. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे शोधून शोधून उचलले. लहान मुलं ते तोंडात घालतात.

शनिवार, २९ मार्च

मुलं आत आली आणि पहिल्यांदा कोणालाच सूर्य कळला नाही. भिंतीला केशरी फुगवटा का आहे, एवढंच विचारलं. भाचीने मोठा दिवा मालवला आणि सांगितलं, "हा त्याचा फक्त काठ आहे." मग शांतता. मग सगळे पृथ्वी शोधायला लागले.

खेळ: गुरूच्या पोटात किती पृथ्वी मावतील? अंदाज वीसपासून एक कोटीपर्यंत. उत्तर आकारमानाने सुमारे तेराशे. एका मुलीने हात वर केला: चेंडूंच्या मध्ये जागा राहील ना? राहील. नुसते ओतले तर साडेआठशेच्या आसपासच बसतील. तिला बक्षीस द्यावं लागलं.

शनीचं कडं एकाने टोपी समजून खाली ओढायचा प्रयत्न केला. दोरा टिकला.

रविवार, ३० मार्च

उतरवलं. गुरू आणि शनी भाचीच्या खोलीत, सूर्य रद्दीत, खोकी परत घडी करून. काकांच्या नातवाचा चेंडू धुऊन दिला. तोंडाजवळ खळीचा एक पापुद्रा राहिला होता, तो त्याने नखाने काढला आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी भाची पृथ्वी मुठीत घेऊन आली. "सूर्यापासून ही खरी कुठे असती?" हिशोब केला: ४६७ मीटर. तर चल म्हणाली. दारापासून निघालो, माझी सातशे वीस पावलं. रस्ता वळला तिथे थांबलो. घर दिसत नव्हतं. तिने मूठ उघडून चेंडू तळहातावर धरला.

"आणि गुरू?"

"जवळजवळ अडीच किलोमीटर."

तिने रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या चपलांकडे. उद्या जाऊ, म्हणाली.